साहेबाचा वचक आणि क्लबातली काळी गोटी

नकाशावर इंग्रजांचा ब्रह्मदेश अवाढव्य दिसतो. माणसं मोजायला बसलं की वेगळंच चित्र समोर येतं. १९३१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या दीड कोटीच्या घरात होती आणि त्यात युरोपीय जेमतेम अकरा-बारा हजार. त्यांतलेही पुष्कळसे रंगूनच्या कचेऱ्यांत, गोदीत नाहीतर पलटणीत. वर उत्तरेला, इरावतीच्या काठावरच्या काथासारख्या जिल्ह्याच्या ठाण्यात गोरे चेहरे बोटांवर मोजावेत एवढेच: एक उपायुक्त, एक पोलीस अधिकारी, जंगल खात्याचा एखादा साहेब, सागवानाच्या कंपनीची दोन-तीन माणसं, आणि कुणी आणली असेल तर एखादी मडम. भोवती हजारो ब्रह्मी, शान, काचिन, चिनी आणि हिंदी लोक.

आता सरळ प्रश्न असा की या पाचसहा जणांचं ऐकायचं कुणी आणि का? पलटण लांब होती. पोलीस शिपाई देशीच होते. गावातल्या लोकांनी एका रात्रीत ठरवलं असतं, तर सकाळी साहेबाचा बंगला जागेवर दिसला नसता. असं सहसा झालं नाही, याचं कारण साहेब लोक आपसात एका शब्दात सांगत: प्रेस्टिज. आपण त्याला वचक म्हणू, कारण नुसत्या इभ्रतीपेक्षा त्यात धाकाचा भाग मोठा होता. गोरा माणूस कधी डळमळत नाही, तो आपल्यासारखा नाही, तो एकटा दिसला तरी त्याच्यामागे सगळं साम्राज्य उभं आहे, ही समजूत म्हणजे वचक. बाजारात नुसती पत सांभाळून धंदा करणाऱ्या सावकाराचं जे असतं तेच यांचं होतं. सगळे एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत तोवर तिजोरीत किती आहे हे कुणी विचारत नाही.

या वचकाबद्दल वाचताना आपली एक गल्लत होते. आपण धरून चालतो की त्याचा जाच फक्त काळ्या माणसाला होता. त्याचे नियम बारकाईने पाहिले तर त्यातले निम्मेअधिक गोऱ्यांनाच बांधून ठेवणारे दिसतात. कुणाबरोबर बसायचं, कुणाबरोबर प्यायचं, कुणाशी लग्न करायचं, कुणाच्या देखत हरायचं नाही. सावकाराच्या घरातलाच एखादा चुकून खरं बोलला तर पत जाते, म्हणून पहारा आधी घरच्यांवर.

बूट

हा वचक कसा दिसायचा ते बुटांवरून नीट कळतं. ब्रह्मी राजाच्या दरबारात जायचं तर जोडे काढून, जमिनीवर बसायचं, हा रिवाज. मिंदोन राजाच्या काळात इंग्रज वकीलही बरीच वर्षं तो पाळत होते. १८७५-७६ च्या सुमारास कलकत्त्याच्या सरकारने ठरवलं की यापुढे आपला वकील जोडे काढणार नाही. राजाने रिवाज सोडला नाही. परिणाम असा की मंडालेत इंग्रजांचा वकील आहे, पण राजाची आणि त्याची समोरासमोर भेट बंद. पुढे दहा वर्षांतच, १८८५ साली, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या कंपनीला झालेल्या दंडाचं निमित्त करून इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केलं. त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. युद्धाची खरी कारणं व्यापाराची आणि फ्रेंचांच्या भीतीची होती, पण बोलणीची दारं बंद करण्यात बुटांचा हात होता.

राज्य इंग्रजांचं झाल्यावर गोष्ट उलटी फिरली. ब्रह्मी माणसाने साहेबापुढे गुडघे टेकून हात जोडावेत, ही साहेबाची अपेक्षा. आणि साहेब मात्र पॅगोडात, जिथे राजाही अनवाणी जाई, तिथे बूट घालून फिरणार. १९०६ साली स्थापन झालेल्या तरुण बौद्धांच्या संघटनेने, वायएमबीएने, पहिल्या महायुद्धाच्या काळात याविरुद्ध आवाज उठवला. १९१९ साली मंडालेच्या ऐंदोया पॅगोडात बूट घालून आलेल्या युरोपीय मंडळींवर भिक्खू धावून गेले. त्यांतल्या ऊ केत्तया नावाच्या भिक्खूला जन्मठेप झाली. शेवटी सरकारने बुटांचा निर्णय ज्या त्या पॅगोडाच्या प्रमुखांवर सोपवला. यानंतर बहुतेक साहेबांनी काय केलं? बूट काढून आत जाण्यापेक्षा पॅगोडात जाणंच सोडलं. रंगूनचा श्वेडगॉन पॅगोडा डोळ्यांसमोर असताना तो बाहेरूनच पाहायचा! मला तर या एका गोष्टीत सगळा वचक दिसतो, आणि त्याचा थोडा केविलवाणेपणाही.

क्लब

दिवसभर असं ताठ राहून माणूस थकतो. ताठा उतरवून ठेवायची एकच जागा होती, ती म्हणजे क्लब. रंगूनचा पेगू क्लब १८७१ चा, सागवानी लाकडाचा, थाटामाटाचा. जिल्ह्याच्या ठाण्यातला क्लब म्हणजे बहुधा एक बैठी लाकडी इमारत, पत्त्यांचं टेबल, बुरशी धरलेली पुस्तकं, बोटीने येणारी महिन्या-दीड महिन्यापूर्वीची विलायती वर्तमानपत्रं आणि बर्फ संपला की चिडणारे सभासद. बाहेरच्या माणसाला त्यात हेवा वाटावा असं काही नव्हतं. तरी तिथला प्रवेश म्हणजे शहरातलं सर्वांत मोठं मानाचं पान, कारण तिथे देशी माणूस जाऊ शकत नव्हता. आत काय आहे यापेक्षा दारात कुणाला अडवलं जातं, यावर क्लबाची किंमत ठरत होती.

सभासद निवडायची रीत पाहण्यासारखी आहे. एक लाकडी पेटी, तिला हात जाईल एवढं भोक. प्रत्येकाने आत हात घालून पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. कुणी कोणती टाकली ते शेजारच्यालाही कळत नाही. पुष्कळ क्लबांत एक-दोन काळ्या गोट्या पडल्या की उमेदवार बाद. म्हणजे दहा जण तुमच्या बाजूने असले तरी एक द्वेष्टा पुरे, आणि त्याला तोंड दाखवायचीही गरज नाही. कारस्थानाला याहून सोयीचं यंत्र कुणी बनवलं नसेल.

१९२० नंतर या पेटीवर ताण आला. १९२३ पासून ब्रह्मदेशात द्विदल राज्यपद्धती, म्हणजे काही खाती देशी मंत्र्यांकडे देण्याची रीत, सुरू झाली, वरच्या नोकऱ्यांत हिंदी आणि ब्रह्मी माणसं येऊ लागली. आता जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हिंदी आहे, हुद्द्याने क्लबातल्या निम्म्या लोकांपेक्षा मोठा आहे, आणि संध्याकाळी साडेसहाला त्याने दारातून परत फिरायचं! मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी यावर उपाय म्हणून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी-गोऱ्यांचा एकत्र क्लबच काढला. ब्रह्मदेशातल्या ठाण्यांत दुसरा क्लब काढायला माणसंच नव्हती. तिथे प्रश्न असा पडे की एक देशी माणूस घेऊन वरिष्ठांना खूश करायचं की नाही, आणि घ्यायचा तर कुणाला. ही एक जागा मिळवण्यासाठी देशी अधिकाऱ्यांत रस्सीखेच होणं ओघानेच आलं. १९३० साली सर जोसेफ ऑगस्टस मॉंग जी हे ब्रह्मी गृहस्थ काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. पेगू क्लब तरीही गोऱ्यांचाच राहिला.

अंगवस्त्र चालेल, बायको नको

आता प्रेमाकडे येऊ, कारण वचकाला खरी भीती त्याची होती.

विशी-बाविशीचा पोरगा बोटीतून उतरतो. पुष्कळ कंपन्यांत पहिली काही वर्षं लग्नाला परवानगी नसे. जंगलात महिनोन्‌महिने एकट्याने राहायचं. आणि समोर ब्रह्मी समाज, ज्यात बाई बाजारात दुकान चालवते, स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवते, पटलं नाही तर नवऱ्याला सोडते. घरी आणून एकत्र राहणं आणि चार लोकांनी त्यांना जोडपं म्हणून ओळखणं, एवढ्यावर बौद्ध रिवाजाने लग्न होत होतं. त्यामुळे साहेबाच्या बंगल्यात राहायला आलेल्या बाईच्या आणि तिच्या आईबापांच्या मते पुष्कळदा ते लग्नच होतं. साहेबाच्या मते ती सोय होती. मराठीत ज्याला अंगवस्त्र म्हणतात, ते.

दोघांच्या समजुतींत कोर्टाने साहेबाची बाजू घेतली. बौद्ध विवाहाचा कायदा दोन्ही पक्ष बौद्ध असतील तरच लागू. साहेब ख्रिस्ती, म्हणजे त्याच्याशी लग्न व्हायचं तर ते १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे रीतसर लागलेलं हवं. ते नसेल तर दहा वर्षं संसार करूनही बाई कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. साहेब विलायतेला परतला, किंवा त्याची ठरलेली मडम बोटीने येऊन पोचली, की बाईच्या हातात उरे ते साहेब स्वखुशीने देईल तेवढं. पोरांचं थोडं बरं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खाली अनौरस मुलासाठी महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये पोटगी मागता येई. अर्थात बाप सापडला आणि आईला कोर्टाची पायरी चढायची हिंमत झाली तर.

सरकारला हे सगळं माहीत होतं. १८६० च्या दशकापासून ब्रह्मदेशातल्या मुख्य आयुक्तांनी यावर गोपनीय परिपत्रकं काढली. बाई ठेवाल तर बढती अडकेल, असा धाक घातला. त्यांतली काळजी बाईची नव्हती. काळजी अशी की साहेबाच्या घरातली बाई कुणाच्या तरी गावची, कुणाची तरी बहीण-भाची असते. खटला चालू असताना पक्षकार साहेबाकडे न जाता तिच्या भावाकडे जातो. मग न्याय साहेब देतो की मेहुणा, हे कुणाला सांगता येईल?

इथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्या. परिपत्रकं चोरट्या संबंधाविरुद्ध होती, पण ब्रह्मी बाईशी चर्चमध्ये उघड लग्न करणाऱ्या माणसाला समाज जास्त कठोरपणे वागवी. बाई ठेवणाऱ्याकडे क्लबात डोळेझाक होई, कारण तो अजून ‘आपला’ होता, संध्याकाळी एकटाच येत होता. लग्न करणाऱ्याने मात्र तिला आपल्या बरोबरीची ठरवलं, आणि मग ती क्लबात का येऊ शकत नाही या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. पाप झाकता येतं, नातं झाकता येत नाही. सुएझ कालवा १८६९ ला खुला झाल्यावर मडमा मोठ्या संख्येने येऊ लागल्या आणि हा फरक आणखी टोकदार झाला. वचकाच्या बिघाडाचं खापर पुढे इतिहास लिहिणाऱ्या साहेबांनी या बायकांवरच फोडलं. मला ते पटत नाही. नियम पुरुषांनी केले होते, मडमा त्यात फक्त जास्त दिसत होत्या.

ही रीत एकट्या ब्रह्मदेशाची नव्हती. १९०८ साली केनियातल्या न्येरी नावाच्या आडठाण्यात ह्युबर्ट सिल्बरॅड हा सहायक अधिकारी स्थानिक मुली ठेवत असल्याचं उघडकीस आलं. त्यांतली एक तर कोवळ्या वयाची होती. एका देशी शिपायाने त्यातल्या एकीवर आपला हक्क सांगून हुज्जत घातली, तर साहेबाने त्यालाच कोठडीत टाकलं. शेजारच्या स्कॉर्स्बी रूटलेज या गोऱ्याने मुलींना आपल्या घरी नेलं आणि गव्हर्नरकडे तक्रार केली. चौकशी गुपचूप झाली आणि शिक्षा काय, तर मुख्यतः एक वर्षाची सेवाज्येष्ठता कमी. रूटलेजने चिडून लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, प्रकरण पार्लमेंटात गेलं, आणि जानेवारी १९०९ मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड क्रू यांनी सगळ्या वसाहतींना परिपत्रक धाडलं की अशा संबंधांनी अधिकाऱ्याची देशी लोकांतली पत घसरते आणि कारभाराला धोका पोचतो. मुलींचं काय झालं, हा मुद्दा त्यात जवळजवळ नाहीच.

रत्नागिरीत याच नाटकाचा उलटा प्रयोग चालू होता, तोही सांगण्यासारखा आहे. कैदेतल्या थिबा राजाला स्वतःच्या घराण्याची इभ्रत सांभाळायची होती आणि मुलींना शोभेल असा राजवंशी नवरा त्या गावात मिळणार कुठून? थोरल्या राजकन्येचं मन वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या, आधीच लग्न झालेल्या नोकरावर बसलं आणि १९०६ साली तिला मुलगी झाली. राजा-राणीला धक्का बसलाच, पण इंग्रज अधिकाऱ्यांचीही धांदल उडाली. ज्या राजाला त्यांनीच गादीवरून ओढून आणलं होतं, त्याच्या घराण्याची प्रतिष्ठा कशी राखायची यावर आता त्यांचे कागद रंगू लागले!

निनावी अर्ज

जिथे सगळा कारभार नावावर चालतो तिथे नाव घालवणं हे सर्वांत स्वस्त हत्यार ठरतं. ब्रह्मदेशातल्या कचेऱ्यांत निनावी अर्जांचा पाऊस पडे. आपल्याकडच्या मामलेदाराच्या जागी तिथे म्योओक असे. त्याच्या हाताखाली गावोगावचे थुजी, म्हणजे पाटील. साहेबाला बहुधा कामापुरती भाषा येई, गावात कोण कुणाचा कोण ते कळत नसे. जे कळायचं ते म्योओक आणि कारकुनांकडून. म्हणजे साहेबाचे कान ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याच्या हातात. एखाद्याला उठवायचं असेल तर तो राजद्रोही आहे असं दोनचार अर्जांत, वेगवेगळ्या अक्षरांत, लिहून पाठवायचं. आरोप सिद्ध व्हावा लागत नसे. साहेबाच्या मनात नुसती शंका रुजली की गोटी काळी पडायची. लाच दोन्ही पक्षांकडून घेऊन निकाल गुणदोषावर देणारा अधिकारी लोकांना त्यातल्या त्यात सज्जन वाटे. साहेबाच्या वचकाची फळं साहेबापेक्षा त्याच्या सावलीत बसणाऱ्यांनी जास्त खाल्ली, हे आपण कबूल करायला हवं.

गोऱ्यांच्या आपसातल्या कारस्थानाला वेगळा रंग होता. तिथे गुन्हा झाकणं हे कर्तव्य मानलं जाई. १८९९ च्या एप्रिलमध्ये रंगूनजवळ रॉयल वेस्ट केंट पलटणीच्या शिपायांनी एका ब्रह्मी बाईवर सामूहिक अत्याचार केला. लष्करी अधिकाऱ्यांनी प्रकरण दाबायचा प्रयत्न केला, आरोपी सुटले. नुकताच व्हाइसरॉय झालेला कर्झन संतापला आणि त्याने अख्खी पलटण शिक्षा म्हणून एडनला पाठवली. कर्झनला देशी लोकांचा कळवळा होता असं कुणी म्हणणार नाही. त्याचा हिशेब सरळ होता: गुन्हा झाकल्याने वचक राहतो असं पलटणीला वाटतं, मला वाटतं झाकल्यानेच तो जातो. दोन्ही बाजू वचकासाठीच भांडत होत्या.

तिथे नि:पक्ष राहू पाहणाऱ्याची गत काय होई, ते रंगूनचा जिल्हा दंडाधिकारी मॉरिस कॉलिस याने अनुभवलं. १९३० साली कलकत्त्याचे महापौर जतींद्र मोहन सेनगुप्ता यांच्यावर रंगूनमध्ये राजद्रोहाचा खटला त्याच्यापुढे चालला. त्याने शिक्षा दिली दहा दिवसांची. त्याच सुमारास गाडी बेदरकारपणे चालवून ब्रह्मी बायकांना जखमी करणाऱ्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला त्याने तुरुंगाची शिक्षा सुनावली. पहिल्या निकालावर गोऱ्यांनी नाकं मुरडली, दुसऱ्यावर बोंब ठोकली. तुरुंगवास वरच्या कोर्टात टिकला नाही आणि कॉलिसची रंगूनमधून उचलबांगडी झाली. कायद्याने गोऱ्यावर देशी न्यायाधीशासमोर खटला चालवायचा प्रस्ताव आणला म्हणून १८८३ साली इल्बर्ट बिलावरून उठलेला गदारोळ आठवावा. इथे तर न्यायाधीश स्वतः गोरा होता.

काथाच्या क्लबात बसून हे वातावरण पाहणारा एक तरुण पोलीस अधिकारी होता, एरिक ब्लेअर. १९२२ साली तो ब्रह्मदेशात आला, १९२७ साली रजेवर गेला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. पुढे जॉर्ज ऑरवेल या नावाने त्याने या ठाण्यावर कादंबरी लिहिली, ती १९३४ साली आधी न्यूयॉर्कला छापावी लागली. लंडनच्या प्रकाशकाला भीती होती की पात्रं ओळखून कुणी अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल. वर्षभराने नावं बदलून लंडनची आवृत्ती निघाली.

मार्च १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनमध्ये शिरल्या. साहेब, मडमा, कारकून, हमाल, सगळेच भारताच्या दिशेने निघाले. गोऱ्यांना आधी विमानं आणि बोटी, लाखो हिंदी लोकांना आराकानचे आणि मणिपूरचे डोंगर पायी तुडवायचे. जपान्यांनी पेगू क्लब आपल्या अधिकाऱ्यांसाठी घेतला. मागे राहिली ती दोन रक्तांची पोरं. रेल्वे, तारखातं आणि कस्टम्समध्ये कशाबशा नोकऱ्या धरून असलेल्या अँग्लो-बर्मीजांना जपान्यांनी इंग्रजांचे हेर समजून छळलं, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांतले पुष्कळ जण ऑस्ट्रेलिया नाहीतर इंग्लंडची वाट धरून निघून गेले.